एसटीत कमरेला रिव्हॉल्व्हर: झाकून न्यायचं की दाखवून?

माजी_हवालदार_कोरेगाव

जय हिंद मंडळी. फौजेत २२ वर्षं काढली, आता कोरेगाव तालुक्यात आल्याची शेती आणि थोडा व्यापार. ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरचं. परवाना चालू, हद्द पूर्ण महाराष्ट्र.

गेल्या आठवड्यात मालाचे पैसे आणायला साताऱ्याहून एसटीनं स्वारगेटला निघालो. पिशवी वर ठेवायला हात वर केला, शर्ट वर सरकला, आणि मागच्या बाकावरच्या बाईंनी अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. वाटेतल्या एका ठाण्यासमोर गाडी उभी. परवाना बघून अर्ध्या तासात सोडलं, पण तोवर अख्खी गाडी माझ्याकडं खिसेकापू पकडल्यासारखी बघत होती.

ठाण्यातला एक म्हणाला, "हत्यार लपवून नेता, हाच गुन्हा." दुसरा म्हणाला, "उघडं नेलं असतं तर आत टाकला असता." आता खरं काय धरायचं?

आणि एक. माझा गुडघा कामातून गेलाय. नूतनीकरणासाठी हत्यार दाखवायला पोराला पाठवलं तर चालेल का?

निवृत्त_अंमलदार_मिरज

हवालदारसाहेब, दुसरा बरोबर होता. २०१६ च्या शस्त्र नियमांतला ८ वा नियम बघा. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या कव्हरात), नाहीतर पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत. ते पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. काढून मिरवणं, कुणाला दाखवणं तर साफ बंद. म्हणजे आपल्याकडं झाकणं हा गुन्हा नाही, झाकलंच पाहिजे. अमेरिकेचे व्हिडिओ बघून लोकांच्या डोक्यात उलटं बसलंय, त्यात आमच्या पोलीस खात्यातले काही पोरगेही आले.

'ताब्यात' हा शब्द विसरू नका. सॅक वरच्या फळीवर ठेवून डुलकी काढली तर हत्यार झाकलेलं आहे, ताब्यात नाही. मांडीवर घ्या.

परवाना कायम जवळ हवा. शस्त्र कायद्याच्या कलम १९ खाली पोलीस कधीही मागू शकतो आणि मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही. परवान्याच्या मागच्या अटीही एकदा चष्मा लावून वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथं जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. तुमच्याकडं डिसेंबरात पुसेगावची यात्रा भरते. हत्यार कमरेला असताना तिथं सेवागिरी महाराजांना हात जोडू म्हणून उतरलात तर अट मोडली. कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे परवाना जातो.

गणपती, निवडणुका, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चे आदेश निघतात, त्यात काठीसुद्धा नेता येत नाही. आधी ठाण्यात फोन करा, मग तिकीट काढा.

पोराचं: परवानाधारकाच्या लेखी अधिकारावर दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्याला नेता येतं, कलम ३ मध्येच लिहिलंय. चिठ्ठीत तारीख, हत्याराचा नंबर, कुठून कुठं ते लिहा, सही करा, मूळ परवाना सोबत द्या. त्या चिठ्ठीवर पोरगा वाटेत मित्राच्या हळदीला गेला तर मात्र दोघंही गोत्यात.

एक विचारू? होल्स्टर होतं का?

वाहक_तासगाव

मी एसटीत वाहक. हवालदारसाहेबांचा राग नाही, पण आमच्या बाजूनं बघा. ५० माणसं गाडीत, त्यात शाळेची पोरं, बाळंतीण बाई. परवाना तुमच्या खिशात आहे हे कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? घंटी मारून गाडी ठाण्याला नेणं एवढंच आमच्या हातात. मीही तेच केलं असतं.

निवृत्त_अंमलदार_मिरज

वाहकराव, तुमच्या हातात त्याहून जास्त आहे. शस्त्र कायद्याचं कलम २० वाचा. हत्यार गैरकामासाठी नेतोय असा रास्त संशय येण्यासारखी परिस्थिती असेल तर रेल्वे, जहाज, विमान, कुठल्याही वाहनावर काम करणारा माणूस वॉरंटशिवाय अटक करून हत्यार जप्त करू शकतो. परवाना असला तरी. १९५९ पासून आहे हे.

वाहक_तासगाव

बापरे. तिकीट मशीन सांभाळू का आरोपी! सुट्ट्या पैशांवरून रोज एक अटक होईल.

पलूसची_सून

मध्येच विचारते. सासरे निवृत्त सुभेदार, पुण्याहून विमानानं दिल्लीला जायचंय, रिव्हॉल्व्हर सोबत नेता येईल का?

निवृत्त_अंमलदार_मिरज

ताई, आधी परवान्यावरची हद्द बघा. महाराष्ट्रापुरती असेल तर विषयच संपला. अखिल भारत असेल तर केबिनमध्ये नाही; रिकामं करून, काउंटरवर सांगून, सामानात. विमान कंपनीला आधी फोन केलेला बरा. माझं विचाराल तर दिल्लीत त्यांना त्याची गरज काय? ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्या, निवांत फिरा.

माजी_हवालदार_कोरेगाव

मिरजकर, नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलंत. होल्स्टर नव्हतं. पट्ट्यात नुसतं खोचलं होतं. फौजेत असं सापडलो असतो तर सुभेदारसाहेबांनी मैदानाला किती फेऱ्या मारायला लावल्या असत्या याचा हिशोब करत बसलोय.

पैशासाठी म्हणून हत्यार घेतलं होतं, पण खरं सांगायचं तर व्यापाऱ्यानं आता अर्ध्याहून जास्त रक्कम खात्यावर टाकायला सुरुवात केलीय. उद्या साताऱ्याला चामड्याचं झाकणाचं होल्स्टर बघतो. पोराच्या चिठ्ठीचा मसुदा इथं टाकतो, मिरजकर, एकदा नजर घाला. आणि त्या बाईंची माफी मागायची राहिली. त्या शिरवळला उतरल्या, एवढंच माहीत आहे.