विषय: मुलांचे साधे फोन – जिओचं सिम चालत नाहीये, रविवारच्या आत सांगा

नमस्कार मंडळी,
रविवारच्या बालनाट्याच्या तालमीआधी उत्तर हवंय. गेल्या तालमीला मुलं सुटली तरी गेटवरचा माणूस अर्धा तास आलाच नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहेच, म्हणून चिऊला बटणांचा फोन आणला. घरात जिओचं सिम पडून होतं, ते घातलं तर नुसतं ‘नो सर्व्हिस’. तेच सिम माझ्या फोनमध्ये छान चालतं. दुकानदार म्हणतो फोन चांगला आहे. चिऊ ८ वर्षांची आहे, तिला टचवाला मी देणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.
– चिऊची आई, सुदामानगर, इंदूर

ताई, फोन बिघडलेला नाही. खोक्यावर बघा, २जी लिहिलेलं असेल, म्हणजे तो फक्त जुनं नेटवर्क पकडतो. जिओचं २जी नाहीच, २०१६ ला आले तेच थेट ४जी घेऊन, बोलणंसुद्धा त्यावरच. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घाला, नाहीतर ४जीचा कीपॅड फोन घ्या. फक्त जिओचाच कीपॅड फोन घेतलात तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नाही. सिम तुमच्या नावावर घ्या, १८ वर्षांखाली मिळत नाही. नेटशिवाय नुसते बोलण्याचे पॅकही आहेत, ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) कंपन्यांना ते द्यायला लावलेत.
आणखी एक. ५ आणि ९ या बटणांवर कोणाचाही नंबर ठेवू नका. २०१७ पासूनच्या साध्या फोनांत यातलं एक दाबून धरलं की थेट मदतीचा कॉल जातो. आमच्या नातवाने ५ वर आजीला बसवलं होतं!
– साउंड बघणारा, राजेंद्रनगर

५ आणि ९ ठीक आहे, पण पोराला नंबर पाठ आहे का ते आधी विचारा. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघताना माझा भाचा राजवाड्याजवळ हात सोडून गेला. तेव्हा कसले फोन! त्याला आमच्या दुकानाचा नंबर पाठ होता, एका पानवाल्याने दुकानात फोन लावून दिला. भाचा परत येईपर्यंत माझ्या वहिनीच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, इतकी ती थरथरत होती. त्या ढोलांत खिशातला फोन ऐकू तरी येईल का?
– रामबागेतल्या आजी

आजींचं पटलं. पण तालमीत फोन कुठे राहणार हे तालीम घेणारी, म्हणजे मी ठरवीन, इथे मतं घ्यायला नकोत. परवा तिसऱ्या प्रवेशात कोणाचा तरी फोन वाजला आणि आमचा छोटा ससा वाक्य विसरून रडायला लागला. पंधरा मिनिटं त्याला समजावण्यात गेली. दारात कुलपाचा डबा ठेवीन. आत येताना फोन डब्यात, जाताना हातात.
– बालनाट्य, नेहमीची

ताई, डब्यात कुलूपबंद फोनाचा उपयोग काय? गेल्या वेळी मुलं ८ ला सुटली आणि गेटवरचा माणूस साडेआठला आला, तेव्हा डबा कोणी उघडला असता? आमच्या बंटीचा फोन खिशातच राहील, आवाज बंद करून. तालमीचा मान आहे, पण मूल माझं आहे.
– बंटीचे बाबा

बंटीचे बाबा, आवाज बंद केला तरी खिशातून नंबर लागतात. माझ्या धाकट्याने मागच्या महिन्यात असेच शाळेतून मला सहा कॉल केले, नुसती खसफस ऐकू येत होती. कीपॅड लॉक शिकवा.
– चिऊच्या शेजारच्या काकू

मंडळी, एअरटेलचं सिम घातलं, लागला! २ वर मी, ३ वर बाबा, ४ वर आजी. ५ आणि ९ मोकळे ठेवलेत, आणि मदतीचा नंबर ११२ तिला तोंडपाठ करून घेतलं. पहिल्यांदा चिऊने २ नुसतं टिचकीने दाबलं आणि ‘आई, तू उचलतच नाहीस’ म्हणून तोंड पाडलं. आता दाबून धरून मनात तीन आकडे मोजते. मागच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर माझा नंबर लिहून ठेवलाय, बॅटरी उतरली तरी कोणी मोठं माणूस वाचू शकेल.
फोन डब्यात ठेवायला माझी हरकत नाही. फक्त डब्याची किल्ली ८ नंतर कोणाकडे राहणार आणि तो माणूस शेवटचं मूल जाईपर्यंत थांबणार का, एवढं शनिवारपर्यंत कळवा. कोणी नसेल तर मी थांबते.
– चिऊची आई