डाउन सिंड्रोम, वय अडीच, नंबर +4.5. चष्मा टिकत नाही!

मिठूची आई, सातारा
लेकाला डाउन सिंड्रोम आहे, अजून बोलत नाही. डॉक्टरांनी +4.5 नंबर काढला. "जो पोरगा बोट दाखवत नाही, त्याचा नंबर कसला काढतात?" सासूबाईंचा प्रश्न. खरं तर माझाही. चष्मा घातला की ओढून सोफ्याखाली. 'मोठा होऊ दे, मग बघू' असं घरात चाललंय. थांबावं का?

टॉर्चवाला (ऑप्टोमेट्रिस्ट)
नंबर काढायला मुलानं बोलायची गरजच नसते. अ‍ॅट्रोपिनसारखं औषध घालून फोकस करणारा स्नायू ढिला करतात. मग रेटिनोस्कोप नावाच्या टॉर्चसारख्या यंत्रानं डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवतात. परतणारा उजेड ज्या भिंगानं हलायचा थांबतो, त्यावरून नंबर. थांबू मात्र नका. या वयात मेंदूला अंधूकच चित्र मिळत राहिलं तर डोळा आळशी होतो, आणि पुढे तो सुधारणं फार अवघड जातं.

लेकीचीआई_ठाणे
ताई, माझी लेकही डाउनची, आता सहा वर्षांची. आपल्या मुलांचं नाक वरच्या बाजूला बसकं असतं, त्यामुळे साधी फ्रेम घसरते आणि मूल भिंगाच्या वरून बघतं. मग त्या चष्म्याचा उपयोग काय! मऊ सिलिकॉनची, नाकावर नीट बसणारी, मागे इलॅस्टिक पट्टा असलेली फ्रेम घ्या. भिंग पॉलिकार्बोनेटचंच, फुटत नाही सहसा. दिवसभर घालायचा अट्टहास सुरुवातीला नको. आम्ही जेवताना घालायचो, हात वाटीत गुंतलेले असतात तेव्हा. डाळिंबाचा एकेक दाणा चिमटीत धरून तोंडात टाकायला लागली, तेव्हा घरातल्यांची तोंडं बंद झाली.

आणखी एक. या मुलांपैकी बऱ्याच जणांना चष्मा लावूनही जवळचं फोकस होत नाही, त्यांना बायफोकल देतात, म्हणजे रेघेच्या वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा. लेकीला दिला, तर दुकानदारानं रेघ म्हातारीसारखी पार खाली बसवली. ती डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यावर हवी. भांडून बदलून घेतला. डॉक्टरांना जवळची नजर तपासायला सांगाच.

निवृत्त_सिस्टर
खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची) चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते.

मिठूची आई, सातारा
सगळ्यांचे आभार. फ्रेम बदलतेय, जवळच्या नजरेचंही विचारते. सासूबाईंना टॉर्चचं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग ह्यांचापण असाच काढा. अक्षरांचा बोर्ड पाठ करून जातात!"