मदत हवी आहे: स्पेक्ट्रम ४८के वर ४२ अक्षरांची ओळ, तक्ता ठेवू की जागेवर सरकवू?

नमस्कार मंडळी. झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर (४८के मेमरीचा) मजकूर वाचायचा छोटा प्रोग्रॅम त्याच्या झेड८० प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेत लिहितोय. रॉममधल्या तयार छपाईत २५६ पिक्सेलांच्या ओळीत जेमतेम ३२ अक्षरं बसतात.

६४ करून पाहिली. एका बाइटात दोन अक्षरं, मास्क (नको ते बिट झाकणं) सोपा, वेग उत्तम. पण ४ पिक्सेलांत m आणि w ओळखू येत नाहीत, पानभर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. म्हणून ६ पिक्सेल रुंदीची ४२ अक्षरं. रॉमचा फाँट कापून चालत नाही, त्याची बरीच अक्षरं मुळातच ६ पिक्सेल रुंद असल्याने एकमेकांना चिकटतात. ५ पिक्सेलांचा फाँट वेगळा बनवलाय.

चार अक्षरं बरोबर तीन बाइटांत बसतात, त्यामुळे चौकडी एकदम जोडून लिहितो; पडद्यावरचं आधी वाचून मास्क करावं लागत नाही. पहिलं आणि चौथं अक्षर आपापल्या एकाच बाइटात मावतं, मधली दोन मात्र बाइटाची हद्द ओलांडतात. ती सध्या आरआरसीए (बिट फिरवणारी) आणि अँड (बिट झाकणारी) या सूचना वापरून छापतानाच जागेवर सरकवतो. पान उलटताना ओळी उमटताना दिसतात.

९६ अक्षरांच्या या दोन जागांसाठी आधीच सरकवलेले तक्ते ३०७२ बाइट खातील, तेवढाच मजकूर कमी. मशीन खरं आहे, तेव्हा १२८के (जास्त मेमरीचं मॉडेल) किंवा जादा हार्डवेअर नको. रंगही नकोत; ८ पिक्सेलांचे रंगचौकोन ६ च्या अक्षरांशी जुळतच नाहीत. कोड आणि फाँट मेमरीत ३२७६८ या पत्त्याच्या वरच आहेत, म्हणजे पडद्याच्या चिपमुळे वेग मंदावणाऱ्या भागात नाहीत.

तक्त्यांनी डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो का, की खरा वेळ पडद्याच्या मेमरीतले पत्ते काढण्यात जातोय?