बरं होत असलेल्या पेशंटना सरकारी रोजगार केंद्राशी कसं जोडावं? (पुणे) सल्ला हवा

मीरा_डेकेअर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मानसोपचार डे-केअरमध्ये सोशल वर्कर आहे. आमच्याकडे स्किझोफ्रेनिया, बायपोलर असलेली आणि दारू सोडून वर्ष-दोन वर्षं झालेली माणसं येतात. औषधं नियमित सुरू आहेत, झोप लागते, चारचौघांत बसतात, बोलतात. घोडं अडतं ते कामापाशी. घरी बसून बसून पुन्हा तब्येत बिघडलेले मी पाहिलेत, म्हणून ही तळमळ.

गेल्या वर्षी एका मुलाला (वय 29, बी.कॉम. अर्धवट) रोजगार केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. कोणते कागद न्यायचे, कोणाला भेटायचं, सगळं त्यावर होतं. तीन आठवड्यांनी त्याच्या आईने ती चिठ्ठीच आणून दाखवली. शर्टाच्या खिशात राहून धुतली गेली होती, अक्षरांच्या जागी निळा डाग. तो दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आला होता. चूक माझीच होती, त्याला एकट्याला पाठवायला नको होतं.

आता विचारायचं आहे ते असं: तिथे नक्की काय मिळतं? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढावं का? घरचे म्हणतात शिक्का बसेल. आणि आजाराबद्दल मालकाला सांगायचं की नाही?

---

कसबापेठकर

मीराताई, माझी सगळी नोकरी याच खात्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वेळचं सेवायोजन कार्यालय, लोकांच्या तोंडी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. आता नाव आहे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पुण्याचं कार्यालय रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलच्या जवळ. नावनोंदणी 'महास्वयं' पोर्टलवर होते, घरबसल्याही करता येते. केंद्र सरकारचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे पोर्टल 2015 पासून आहे, तिथेही नाव घालून ठेवा. दोन्हीकडे एक पैसा लागत नाही. नोंदणीचे पैसे मागणारा कोणी भेटला तर तिथूनच मागे फिरा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नोंदणी झाली म्हणजे कॉल येईल, असं नाही. 1959 च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं, आमच्याकडचाच माणूस घ्या असं बंधन घातलं नाही. कार्ड काढून वर्षानुवर्षं वाट बघणारे मी खूप पाहिले. कार्यालयाचा खरा उपयोग समुपदेशन, प्रशिक्षण आणि रोजगार मेळावे यांसाठी करून घ्यायचा.

पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यात एका छताखाली बऱ्याच कंपन्या येतात, पण गर्दी, माईकचा आवाज, लांब रांगा. तुमच्या लोकांना पहिल्याच खेपेला तिथे नेऊ नका. आधी मधल्या वारी, दुपारी, गर्दी ओसरल्यावर कार्यालयात घेऊन जा. आणि त्याच्याही आधी तुम्ही एकट्या जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांना भेटा. "आमच्याकडे अशी माणसं आहेत, दर महिन्याला दोघा-तिघांना घेऊन येईन" असं सांगा. माणसाची ओळख झाली की खिडकीपलीकडचा आवाजही बदलतो. हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने सांगतोय.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही चौकशी करा. 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा वय 18 ते 35 आणि मुदत सहा महिने होती. विद्यावेतन बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. सध्या जागा आहेत का, मुदत किती आहे, ते तिथेच कळेल. तुमच्या मुलाची बी.कॉम. अर्धवट असली तरी बारावीवर तो बसतो.

---

धायरीची_आई

मीराताई, शिक्क्याबद्दल मी बोलते, कारण आमच्या घरात या एका शब्दावर दोन वर्षं भांडण चाललं होतं. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, आता 34 चा आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजारही आहे. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्यावर आलं तर सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं 4 टक्के आरक्षण लागू होतं. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी मिळून आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. स्वतःची काळजी घेतो का, लोकांत मिसळतो का, बोललेलं समजतं का, काम करतो का आणि आजार किती वर्षांचा, यावर गुण देतात. तिथे मुलाची बाजू सावरायला जाऊ नका. मी पहिल्यांदा आईच्या मायेने "सगळं करतो हो तो" म्हणून बसले आणि टक्के कमी आले. खरं असेल तेच सांगा, वाईट दिवसांचंही.

कार्ड कपाटात असतं. दाखवायचं की नाही हे तो ठरवतो. शिक्का कसला?

आणि आमच्या धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. तिथे पालकांना बसून बोलता येतं. मला उभं राहायला त्याचा फार आधार झाला.

---

कसबापेठकर

धायरीच्या ताईंनी छान सांगितलं. फक्त व्यसनमुक्तीवाल्यांना यूडीआयडीची आशा दाखवू नका. निव्वळ व्यसन हा त्या 21 प्रकारांत नाही. त्यांना नेहमीच्या रांगेतूनच जावं लागेल.

---

नव्याने_सुरुवात

त्या नेहमीच्या रांगेतला मी. दारू सोडून चार वर्षं झाली. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होतो. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्यात सुरू केलेली ती जागा माझ्यासाठी दुसरं माहेर आहे.

फॉर्म भरताना हात थांबतो तो 'अनुभव' या रकान्यावर. 2017 ते 2020 काय केलं? मी सायबर कॅफेत त्या रकान्यासमोर पाऊण तास बसून होतो आणि शेवटी फॉर्म न भरताच उठलो. नंतर फॉलोअपच्या मित्राने शेजारी बसून लिहून घेतलं: "कौटुंबिक व आरोग्याच्या कारणाने खंड, आता पूर्णवेळ उपलब्ध." यात एक शब्द खोटा नाही. मीराताई, हे वाक्य तुमच्या लोकांकडून आधीच घोकून घ्या. मुलाखतीतही तेच, तेवढंच. खोटं अनुभवपत्र मात्र कोणालाही काढू देऊ नका. सोडलेल्या माणसाला खोटं लपवत जगणं झेपत नाही, पाय पुन्हा गुत्त्याकडेच वळतात.

मला काम लागलं मार्केट यार्डाजवळच्या एका गोडाऊनमध्ये, पॅकिंगला. मालकाला मी पहिल्या दिवशी काही सांगितलं नाही. फक्त गुरुवारी संध्याकाळी सहानंतर थांबणार नाही, एवढं मागितलं, कारण तेव्हा माझी व्यसनमुक्तीची मीटिंग असते. आठ महिन्यांनी दिवाळीच्या पार्टीत ग्लास पुढे आला, तेव्हा सगळं सांगितलं. तोवर माझं काम त्यांना माहीत झालं होतं. पुढच्या वर्षी मालकाने माझ्यासाठी कोकम सरबत मागवलं.

पहिल्या पगाराच्या दिवशी मात्र कोणीतरी सोबत ठेवा. हातात रोख आणि रस्त्यात नेहमीचं दुकान. माझा पगार पहिलं वर्षभर बायकोच्या खात्यात जायचा.

---

न्यूजर्सीतली_पुणेकर

मी इथे मानसिक आरोग्य केंद्रात काम करते. 1990 च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' ही पद्धत तयार झाली, ती आम्ही वापरतो. नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टर-नर्सच्या टीममध्येच बसतो, त्यामुळे औषध बदलून सकाळी गुंगी येत असेल तर त्याला त्याच दिवशी कळतं. "आधी पूर्ण बरा हो, मग बघू" अशी अट नाही. काम करायची इच्छा असली की शोध सुरू, आणि नोकरी लागल्यावरही मदत थांबत नाही. जुन्या 'आधी प्रशिक्षण, मग नोकरी' पद्धतीपेक्षा यात जास्त जणांना नोकरी लागते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय.

इथलं सगळं तिकडे जमणार नाही. पण डे-केअरमधल्या एका व्यक्तीने आठवड्यातला अर्धा दिवस फक्त या कामाला दिला तरी खूप होईल. एक जपा: पेशंटच्या लेखी संमतीशिवाय रोजगार केंद्राला किंवा मालकाला निदान सांगू नका. तुमच्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. संमतीपत्रात कोणाला, काय आणि किती दिवसांसाठी सांगायचं, हे स्पष्ट लिहा.

---

मीरा_डेकेअर

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारचा अर्धा दिवस डॉक्टरांकडून मागून घेतला, मिळाला. संमतीपत्र मराठीत एका पानात बसवलंय. 'नव्याने सुरुवात' दादा, तुमचं ते वाक्य आमच्या गटात सगळ्यांनी आपापल्या शब्दांत लिहून काढलं.

काल त्याच मुलाला घेऊन रास्ता पेठेत गेले. गेटपाशी तो थांबला, मीही थांबले. समोर चहा घेतला आणि मग आत गेलो. कसबापेठकर काका म्हणाले तसं आधी एकदा भेटून आले होते, त्यामुळे मॅडमनी नावाने हाक मारली. त्याने मान वर करून उत्तर दिलं.

नोंदणी मात्र झाली नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर त्याच्या वारलेल्या वडिलांचा निघाला. शनिवारी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचाय. बाहेर पडताना त्यानेच विचारलं, "पुढच्या बुधवारी किती वाजता निघायचं?"

---

कसबापेठकर

दोन वाजता पोचा. मी पण येतो. आणि बाकीच्यांचे आधारचे नंबर आजच तपासून ठेवा, निम्म्या खेपा त्यातच वाया जातात.