क्लासिक स्कीइंग: चढावर स्की मागे घसरते, डायगोनल काही जमेना

वऱ्हाडी_ओस्लोत:

नमस्कार मंडळी. मी अकोल्याचा, नोकरीनिमित्त ओस्लोत. गेल्या हिवाळ्यात क्लासिक क्रॉस-कंट्री स्कीइंग सुरू केलं, म्हणजे बर्फात कोरलेल्या दोन समांतर चरांतून (ट्रॅकमधून) स्की सरळ ठेवून जायचं ते. सपाटीवर दोन्ही काठ्या एकदम मारत जाता येतं, उतारावर स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबताही येतं. घोडं अडलंय ते डायगोनलवर, म्हणजे डावा पाय-उजवा हात, उजवा पाय-डावा हात असं आळीपाळीने जायचं त्यावर.

5 नंबरच्या मेट्रोने सोंग्नस्वान तळ्यापाशी उतरतो आणि उलेवोलसेतरकडे, जंगलातल्या वॅफल मिळणाऱ्या लॉजकडे, निघतो. तळं मागे पडून चढ लागला की मागच्या पायाने रेटा, म्हणजे किक, देतो, आणि स्की सर्रकन मागे. जितका जोर जास्त तितकी ती जास्त घसरते. मग सगळा भार हातांवर. वर पोचेपर्यंत दंड असे भरून येतात की वॅफलचा तुकडा तोंडापर्यंत नेणं जिवावर येतं.

ऑफिसातला सहकारी म्हणतो, "अजून जोरात किक मार." व्हिडिओवाले म्हणतात, "वजन ट्रान्सफर करा." अरे पण कधी? नेमक्या कुठल्या क्षणी? स्की वॅक्सवाल्या आहेत, म्हणजे पकडीसाठी मधल्या भागाखाली वॅक्स लावावं लागतं त्या, सेकंडहँड घेतलेल्या. वजन 84 किलो. निळं वॅक्स लावतो.

क्लिस्टरकाका:

निळं म्हणजे कुठलं निळं? वॅक्सचा रंग तापमानाप्रमाणे ठरतो, आणि निळ्यातही प्रकार आहेत. शून्याच्या आसपास ते पकडणार नाही, तिथे जांभळं लागतं. बर्फ वितळून परत गोठलेला असेल, ट्रॅक काचेसारखा चकाकत असेल, तर कांडीतलं कुठलंच वॅक्स टिकत नाही, ट्यूबमधलं चिकट वॅक्स, म्हणजे क्लिस्टर, लावावं लागतं. आणि लावता कसं? एकच जाड थर थापू नका. पातळ तीन-चार थर, प्रत्येक थर बुचाने घासून गुळगुळीत. टाचेपासून पुढे साधारण 40-50 सेंटीमीटर. पकड कमी वाटली तर पट्टा थोडा पुढे वाढवा. माझ्या मते 90 टक्के भानगड इथेच असते.

भरडावरची:

काका, तुमचा मान राखून सांगते, याची भानगड वॅक्सची नाही. "जितका जोर जास्त तितकी जास्त घसरते" हे त्याने स्वतःच लिहिलंय. वॅक्स चुकलं असतं तर हळू चालतानाही घसरली असती.

वऱ्हाडी दादा, मी मूळची मालवणची, बरीच वर्षं लिलेहॅमरला आहे, आणि इथल्या मोठ्या वयाच्या नवशिक्यांना रविवारी शिकवते. त्यातल्या बहुतेकांचं हेच होतं, तेव्हा सहकाऱ्याचा सल्ला आधी कानाआड कर.

स्की जमिनीवर आडवी ठेवून बाजूने बघ. मधोमध कमान दिसेल. वॅक्स नेमकं त्या कमानीखाली असतं. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असताना ती कमान बर्फापासून किंचित वर राहते, म्हणून स्की धावते. पूर्ण वजन एका पायावर आलं आणि वर थोडा दाब पडला की कमान चपटी होते, वॅक्स बर्फाला चिकटतं, आणि तेवढ्या निमिषापुरती ती स्की थांबते. त्या थांबलेल्या स्कीवरून तू पुढे जायचंस. म्हणजे किक मागे नाही, खाली. आमच्या कोकणात पावसाळ्यात चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या चढताना पाऊल मागे रेटलंस तर आपटशील, वरून सरळ दाबून ठेवलंस तर पायरी धरते. तसंच हे.

आता क्षण. मोकळा पाय मागून पुढे येत असतो. तो उभ्या पायाच्या शेजारी आला, दोन्ही पावलं जवळजवळ एका रेषेत आली, की किक. तेव्हाच. तू काय करतोस ते न बघता सांगते: मोकळा पाय पुढे जाऊ देतोस, अंग त्याच्यावर जातं, आणि मग मागे राहिलेल्या पायाने ढकलतोस. तोवर त्या पायावर वजनच उरलेलं नसतं. कमान परत वर आलेली असते. घसरेल नाही तर काय होईल! तुला जोर वाढवायचा नाहीये, किक लवकर सुरू करायची आहे.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. परत येणारा पाय बर्फावर कुठे टेकतो ते बघ. उभ्या पायाच्या मागेच टेकत असेल तर त्या घटकेला वजन दोघांत वाटलं जातं आणि एकही कमान दबत नाही. पाय शेजारी येईपर्यंत टेकवायचा नाही. भीती वाटते म्हणून आपण तो लवकर टेकवतो, कारण एका धावत्या स्कीवर उभं राहायला तोल लागतो. हा सगळा प्रकार शेवटी तोलाचा आहे.

त्यासाठी सोंग्नस्वानच्या तळ्याभोवतीचा सपाट फेरा उत्तम. काठ्या झाडाला टेकवून ठेव. एक स्की काढ, त्या पायाच्या बुटाने ट्रॅकशेजारच्या बर्फावर रेटा दे आणि दुसऱ्या स्कीवर जाता येईल तितकं दूर जा. लहान मुलं एक पाय स्कूटरवर ठेवून दुसऱ्याने रेटा देत जातात तसं. मग पाय बदल. लोक बघतील, बघू देत. त्यानंतर दोन्ही स्की घालून, काठ्यांशिवाय, अगदी हलक्या चढावर चाल. काठ्या नसल्या की पाय खोटं बोलू शकत नाहीत.

चढावर ग्लाइडचा, म्हणजे एका स्कीवर लांब धावत जाण्याचा, मोह सोड. पावलं छोटी, ठेका जलद, घोट्यातून पुढे झुकलेलं अंग. कमरेत वाकू नको आणि बसल्यासारखा तर मुळीच होऊ नको, वजन टाचेवर गेलं की संपलं. 2025 साली ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या योहानेस क्लेबोने पुरुषांच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. त्याच्या क्लासिक शर्यतींचे व्हिडिओ काढ आणि फक्त चढ बघ: तो स्की घालून चक्क पळतो. आपल्याला त्याचा वेग नको, पावलाची लांबी तेवढी उचलायची.

क्लिस्टरकाका:

ठीक आहे, तोल मान्य. पण सेकंडहँड स्की 84 किलोच्या माणसासाठी आहे का हे आधी बघायला नको? कमान फार ताठ असेल तर ताई म्हणतात तसं कितीही वेळेवर दाबलं तरी वॅक्स बर्फाला लागणार नाही. घरच्या सपाट, कडक फरशीवर दोन्ही स्कीवर समान वजन देऊन उभे राहा. कोणाला तरी पावलाखाली कागद सरकवायला सांगा. कागद मागेपुढे सरकला पाहिजे. मग सगळं वजन एका पायावर घ्या, कागद अडकला पाहिजे. नाही अडकला तर स्की तुमच्यासाठी नाही. दोन्हींवर उभं असतानाच अडकला तर फार मऊ, पकडेल पण धावणार नाही.

भरडावरची:

हे मात्र सोळा आणे. कागद आधी, बाकी नंतर.

आळशी_अस्वल:

एवढा खटाटोप कशाला? स्वीडनमधल्या वासालोपेत या लांब शर्यतीत पहिले येणारे सगळं अंतर दोन्ही काठ्या एकदम मारतच कापतात. दंड बनवा, डायगोनल विसरा.

भरडावरची:

ते 90 किलोमीटर आहेत आणि ती माणसं वर्षभर त्याच कामात असतात. स्कीखाली पकडीचं वॅक्सही लावत नाहीत. हा बिचारा सोंग्नस्वानच्या चढावर थकतोय. शिवाय आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने क्लासिक शर्यतीत काठीची लांबी उंचीच्या 83 टक्क्यांवर रोखली आणि काही चढांवर नुसतं काठ्या मारत जायला बंदी घातली, ती डायगोनल मरू नये म्हणूनच. मला ते पटतं. रेनाहून लिलेहॅमरला येणारी बिर्केबायनर शर्यत 54 किलोमीटरची, पाठीवर साडेतीन किलोची पिशवी. त्यात डायगोनल येणाऱ्याला शेवटी निदान हात तरी शिल्लक असतात.

वऱ्हाडी_ओस्लोत:

मंडळी, कागद पास! दोन्हींवर सरकतो, एकावर अडकतो. तळ्यावर एका स्कीचा प्रयोगही केला. उजव्या पायावर बऱ्यापैकी लांब जातो, डाव्यावर लगेच दुसरा पाय खाली येतो. चढावर उजवी किक आता पकडते, आणि काय सांगू, तो "थांबली" क्षण पायाला कळतो! डावी अजून घसरते.

भरडावरची:

मग अर्धं काम झालं. डाव्या पायावर असताना नाक, गुडघा आणि पायाचं बोट एका रेषेत आहेत का ते कोणाला तरी समोरून फोनवर टिपायला सांग. बहुतेक तुझं डोकं दोन स्कींच्या मधोमधच राहत असेल. अख्खं अंग डाव्या स्कीवर गेलं पाहिजे, नुसता पाय नाही. आणि नजर स्कीच्या टोकांवर नको, ट्रॅकमध्ये दहा-पंधरा मीटर पुढे. सरावाला डाव्या पायापासून सुरुवात कर, दमल्यावर त्याच्याकडे वळू नको.

शनिवारी पारा शून्यावर जाणार दिसतंय. वॅक्सचं काकांना विचार. क्लिस्टर मी घरात आणू देत नाही, एकदा पडद्याला लागलं की पडदाच टाकावा लागतो.

क्लिस्टरकाका:

शनिवारी नवा बर्फ पडला नाही तर जांभळं. पडला तर सकाळी लवकर निघा, दुपारी स्कीखाली बर्फाचे गोळे धरतील. पडद्याचं ऐकून घेतलं.