टीआयएनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, त्यातली एक २१ दिवसांनी बंद... का?

अश्विनी_कराड

नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारतेय. बाबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, शुगर नाही. मागच्या आठवड्यात सकाळी पेपर वाचताना उजवा हात एकदम लुळा पडला, बोलायला गेले तर शब्द भलतेच यायला लागले, आईला आधी वाटलं चेष्टा करतायत. वीसेक मिनिटांत सगळं जागच्या जागी. बाबा म्हणे काही नाही गं, रात्री हात अंगाखाली आला असेल. भावाने काही ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि थेट सांगलीला नेलं. तिथे बीपी १६८/९४. एमआरआय नॉर्मल, ईसीजी आणि टूडी एको ठीक, मानेच्या नसांच्या डॉपलरमध्ये थोडं प्लाक (नसेत आतून साठलेला चरबीचा थर) आहे पण ५० टक्क्यांच्या आत. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले टीआयए आहे, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून परत सुरू झाला. ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ दोन्ही सुरू केल्या, ॲटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिली, बीपीची गोळी वाढवली. आणि सांगितलं की २१ दिवसांनी ॲस्पिरिन बंद, क्लोपिडोग्रेल चालू ठेवायची.

आता प्रॉब्लेम असा की मामांना स्टेंट टाकलीय, त्यांना ह्याच दोन गोळ्या वर्षभर दिल्या होत्या, ते रोज फोन करून सांगतात अजिबात बंद करू नका. आणि गल्लीतले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात एमआरआय नॉर्मल आहे ना मग एवढ्या गोळ्या कशाला, अशक्तपणाने झालं असेल. एकजण म्हणतो वाढवा, एकजण म्हणतो कमी करा. पुढच्या व्हिजिटला न्यूरोंना विचारणारच आहे पण त्यांच्याकडे पाच मिनिटं पण मिळत नाहीत, म्हणून आधी जरा समजून घ्यायचंय. हा २१ आकडा आला कुठून?

तात्या_विटेकर

आमच्या चुलत्यांना असंच झालं होतं, तोंड वाकडं झालं नि परत सरळ. रोज कच्चा लसूण आणि जवस सुरू केलं, आज दहा वर्षं ठणठणीत. गोळ्यांच्या नादी लागू नका.

रात्रपाळी

तात्या, लसूण जेवणात खाऊ द्या की, कोणाची ना नाही, पण गोळ्या सोडून लसूण हे कृपा करून कोणाला सांगू नका. मी न्यूरोलॉजीत शिकतोय, अशा "परत सरळ झालं" वाल्यांना चार दिवसांनी स्ट्रेचरवरून येताना बघतो म्हणून बोलतोय.

अश्विनीताई, आधी एमआरआयचं. टीआयएची जुनी व्याख्या होती २४ तासांत लक्षणं गेली की टीआयए. २००९ मध्ये अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनने ती बदलली, आता घड्याळ नाही बघत, मेंदूचा भाग मेला की नाही ते बघतात. म्हणजे रक्तपुरवठा तात्पुरता तुटला, लक्षणं आली, पण एमआरआयवर डाग नाही, तर तो टीआयए. डाग दिसला तर तो छोटा का होईना स्ट्रोकच. थोडक्यात एमआरआय नॉर्मल असणं हे टीआयए नसल्याचा पुरावा नाहीच, ते तर व्याख्येतच बसतं! हात लुळा आणि बोलणं बिघडलं, तेही अचानक, एकाच बाजूला, हे अशक्तपणाने होत नाही.

आता धोका कधी असतो ते. क्ले जॉन्स्टन नावाच्या न्यूरोलॉजिस्टचा २००० साली पेपर आला, उत्तर कॅलिफोर्नियातले १७०७ पेशंट, सगळे टीआयए म्हणून इमर्जन्सीला आलेले. ९० दिवसांत १८० जणांना स्ट्रोक आला, म्हणजे साधारण १०.५ टक्के, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोनच दिवसांत. त्याआधी लोक टीआयएला "बरं झालं वाचलात, पुढच्या महिन्यात ओपीडीला या" असं करून पाठवायचे. ह्या एका पेपरने ती सवय मोडायला सुरुवात झाली. म्हणजे तुमच्या भावाने त्याच दिवशी नेलं तेच सगळ्यात मोठं औषध होतं म्हणा.

मग प्रश्न आला की जर धोका पहिल्या काही दिवसांत एवढा उसळतो तर त्या दिवसांपुरत्या दोन गोळ्या दिल्या तर? चीनमध्ये वांग योंगजुन यांच्या टीमने चान्स नावाची ट्रायल केली, ११४ सेंटर, ५१७० पेशंट, २०१३ ला छापून आली. टीआयए किंवा लहान स्ट्रोक होऊन २४ तासांच्या आतले लोक घेतले. एका गटाला क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस देऊन ९० दिवस चालू आणि त्यासोबत ॲस्पिरिन फक्त पहिले २१ दिवस, दुसऱ्या गटाला नुसती ॲस्पिरिन. ९० दिवसांत स्ट्रोक ८.२ टक्के विरुद्ध ११.७ टक्के. आणि मध्यम-गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे ०.३ टक्के, काहीच फरक नाही. तुमचा २१ आला तो इथून, आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कोर्स पण जवळजवळ तोच दिसतोय.

पुढे मुख्यतः अमेरिकेत पॉइंट ट्रायल झाली, २०१८, ४८८१ पेशंट. त्यांनी दोन्ही गोळ्या पूर्ण ९० दिवस दिल्या. फायदा झालाच, मोठे इस्केमिक इव्हेंट (म्हणजे रक्तपुरवठा तुटून होणारे स्ट्रोक, हार्ट अटॅक वगैरे) ६.५ वरून ५ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्के झाला. म्हणजे हजार लोकांना दिल्या तर साधारण १५ जणांचा इव्हेंट टळतो आणि ५ जणांना मोठा रक्तस्राव जास्त होतो. नंतर ह्या दोन्ही ट्रायलचे १० हजारांवर पेशंट एकत्र करून तपासले तेव्हा खरी गोष्ट कळली: पहिल्या २१ दिवसांत असे इव्हेंट दोन गोळ्यांवर ५.२ विरुद्ध एका गोळीवर ७.८ टक्के, दणदणीत फरक, आणि २२ ते ९० दिवसांत जवळपास शून्य फरक. धोका पहिल्या आठवड्यांत येऊन ओसरतो, रक्तस्रावाची जोखीम मात्र गोळी चालू आहे तोवर रोजची रोज जमा होत राहते. म्हणून तीन आठवडे दोन, नंतर एक.

मामांचं वेगळं. त्यांच्या हृदयाच्या नसेत धातूची जाळी बसलीय, तिच्यावर आतून अस्तर येईपर्यंत तिथे गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या जास्त काळ देतात. बाबांच्या नसेत जाळी नाही. आणि "वर्षभर दिल्या तर जास्तच चांगलं" हे मेंदूच्या बाबतीत करून बघितलेलं आहे. मॅच ट्रायल, २००४, ७५९९ पेशंट, १८ महिने. स्ट्रोक काही खास कमी झाले नाहीत, जीवघेणे रक्तस्राव १.३ वरून २.६ टक्के, दुप्पट. मामांना एवढं सांगा.

मेडिकलवाला_नाना

रात्रपाळी डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, मी काउंटरवरचं सांगतो कारण खरी गडबड इथे होते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी असं तिन्ही मिळून एकच कॅप्सूल येते आपल्याकडे, चिक्कार खपते. पेशंटला २१ दिवसांसाठी लिहून दिलेली असते, पण तो रिकामी स्ट्रिप घेऊन येतो, "हीच द्या", आम्ही देतो, परत संपली की परत हीच, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना माणूस तीन तीन वर्षं डबल गोळीवर असतो, नाकातून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं की मग शोधाशोध. त्यामुळे ताई, गोळ्या सुट्या लिहून घ्या, ॲस्पिरिनची स्ट्रिप वेगळी, आणि तिच्यावर पेनाने बंद करायची तारीख टाका. कॅलेंडरवर पण टाका, महालक्ष्मीवर दुधाच्या हिशोबाशेजारी.

अजून दोन. ॲसिडिटीची गोळी लागणार असेल तर डॉक्टरांना विचारून पँटोप्रॅझोल घ्या, ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतात. आणि गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही परस्पर द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमचे बाबा मागतील, सगळ्यांचे बाबा मागतात.

खरं_बोलू_का

एवढे आकडे फेकताय पण हे सगळे अभ्यास गोळ्या विकणाऱ्या कंपन्याच करतात ना? ११.७ चं ८.२ झालं म्हणजे शंभरातल्या ८८ जणांना तसंही काही होणार नव्हतं. तीन-साडेतीन लोकांसाठी शंभर जणांनी गोळ्या खायच्या, ह्याला मार्केटिंग म्हणतात.

रात्रपाळी

प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र तुम्हाला आवडेल असं नाही. चान्सला पैसा चीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाचा, पॉइंटला अमेरिकेच्या सरकारी न्यूरोलॉजी संस्थेचा. आणि वर सांगितलेली मॅच, जी दीर्घकाळ दोन गोळ्या देऊन फसली, ती कंपन्यांच्या पैशाने झालेली! म्हणजे ज्यांना वर्षानुवर्षं दोन गोळ्या विकायला आवडल्या असत्या त्यांच्याच ट्रायलने तो रस्ता बंद केला.

शंभरात साडेतीन ह्या बद्दल. हो, तीसेक लोकांना तीन आठवडे एक जास्तीची गोळी दिली की एकाचा स्ट्रोक टळतो. ती गोळी काही रुपयांची आहे. आणि टळतो तो काय सर्दी-खोकला नाही, माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळू शकतो आणि घरातलं एक माणूस त्याच्यामागे. मला तर हा सौदा स्वस्त वाटतो, तुम्हाला नसेल वाटत तर नसेल.

पण एक मान्य, हे सरसकट सगळ्यांना नाही. ट्रायलमध्ये टीआयएवाले घेतले ते जास्त धोक्याचे, एबीसीडी-२ स्कोअर (टीआयएनंतर स्ट्रोकचा धोका मोजायचे गुण) ४ किंवा वर. वय ६० किंवा वर १, बीपी १४०/९० किंवा वर १, एका बाजूची कमजोरी २, लक्षणं १० ते ५९ मिनिटं १ (तासभर किंवा जास्त असेल तर २), शुगर असेल तर १. ताईंच्या बाबांचे मोजा, १ + १ + २ + १ = ५. बसतात. मोठा स्ट्रोक झालेल्यांना, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असून गुठळी तिथून आलेली असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथे औषधंच वेगळी.

मंजिरी_लेस्टर

इकडे यूकेत मी हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला आहे, डॉक्टर नाही, पण टीआयए क्लिनिकचं बुकिंग आमच्याकडूनच जातं म्हणून लिहिते. इथे संशयित टीआयए म्हटलं की लगेच ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि २४ तासांच्या आत स्पेशालिस्टने बघायचं अशी गाइडलाइन आहे. हे आलं ऑक्सफर्डच्या एक्सप्रेस अभ्यासातून, पीटर रॉथवेल यांचा, २००७. त्यांनी नवं औषध काहीच शोधलं नाही, तीच ॲस्पिरिन, तीच स्टॅटिन, तीच बीपीची गोळी, फक्त आधी क्लिनिकमधून जीपीला (फॅमिली डॉक्टरला) चिठ्ठी जायची आणि गोळ्या सुरू व्हायला सरासरी २० दिवस लागायचे ते एका दिवसावर आणलं. ९० दिवसांतले स्ट्रोक १०.३ वरून २.१ टक्के!! मला अजून हे वाचलं की कमाल वाटते, चिठ्ठीचा प्रवास कमी केला एवढंच. त्याच वर्षी पॅरिसला पण २४ तास उघड्या क्लिनिकचा असाच रिझल्ट आला होता.

बाय द वे तो एबीसीडी स्कोअर इथे आता कोणाला आधी बघायचं हे ठरवायला वापरू नका म्हणतात, कारण कमी स्कोअरवाले पण मध्येच स्ट्रोक घेऊन येतात, सगळ्यांनाच तातडीने बघा असं आहे. गोळ्या किती द्यायच्या त्यासाठी डॉक्टर वापरतात ते वेगळं.

आणि क्लोपिडोग्रेल काही लोकांना लागूच पडत नाही असं ऐकलंय, आपल्या भारतीय-पाकिस्तानी लोकांत हे प्रमाण जास्त आहे म्हणे? इथे २०२४ पासून जीन टेस्ट करा अशी शिफारस आलीय. रात्रपाळी, खरंय का?

रात्रपाळी

खरंय. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते, लिव्हरमधलं एक एन्झाइम तिला कामाची बनवतं. ज्या जीनवरून ते एन्झाइम बनतं त्याचा कमजोर प्रकार पूर्व आणि दक्षिण आशियातल्या लोकांत बराच सापडतो. चीनमध्येच चान्स-२ झाली, २०२१, असा कमजोर जीन असलेल्या ६४१२ लोकांवर, त्यांना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर (त्याच कामाची दुसरी गोळी) दिली तर स्ट्रोक ७.६ वरून ६ टक्के. फरक आहे पण आकाशपाताळाचा नाही. आपल्याकडे ही टेस्ट मोठ्या लॅबमध्ये होते, रुटीनला कोणी करत नाही. गोळी चालू असताना परत टीआयए झाला तर मात्र हा विषय डॉक्टरांकडे नक्की काढा. स्वतःहून टेस्ट करून स्वतःहून गोळी बदलू नका.

सोलापुरी_चादर

सगळं चीन, अमेरिका, इंग्लंड. आपल्याकडे कोणी काही करतं की नाही?

रात्रपाळी

करतात की. लुधियानाच्या सीएमसीतून (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) डॉ. जयराज पांडियन यांनी देशभरातल्या स्ट्रोक सेंटरचं जाळं उभं केलंय, पैसा आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा. त्यांची स्प्रिंट इंडिया ट्रायल २०२३ ला आली, ३१ सेंटर, ४२९८ पेशंट. स्ट्रोक झालेल्यांना नेहमीच्या उपचारासोबत १२ भाषांत एसएमएस, छोटे व्हिडिओ आणि वर्कबुक द्यायचं, गोळ्या घ्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडा वगैरे. निकाल काय? वर्षभरात परत स्ट्रोक, जास्त धोक्याचा टीआयए, हार्ट अटॅक किंवा मृत्यू ५.५ टक्के, ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात ४.९. फरक नाही. लोक गोळ्या थोड्या नियमित घ्यायला लागले, विडी-सिगारेट, दारू कमी झाली, पण मुख्य आकडा हलला नाही. कदाचित ह्या सेंटरमध्ये नेहमीचा उपचारच बरा मिळत होता. मला ही ट्रायल आवडते, कारण व्हॉट्सॲप फॉरवर्डने आरोग्य सुधारतं असं मानणाऱ्यांना ती दाखवता येते.

अश्विनी_कराड

सगळ्यांचे खूप आभार, मामांना मॅच ट्रायलचं सांगितलं, म्हणाले "बघू". नाना, स्ट्रिपवर तारीख टाकली. शेवटचा प्रश्न, ईसीजी एकदाच नॉर्मल आला म्हणजे ठोक्यांचा प्रॉब्लेम नाही असं धरायचं का? आणि परत तसं झालं तर घरात ॲस्पिरिन आहे ती लगेच देऊ का?

रात्रपाळी

एक ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा हिशोब. ठोके अधूनमधून बिघडत असतील तर निसटतो, म्हणून होल्टर करतात, म्हणजे अंगाला लावून ठेवायचा ईसीजी, २४ तास किंवा जास्त. २०१४ ला क्रिस्टल-एएफ ट्रायलमध्ये स्ट्रोकचं कारण न सापडलेल्या लोकांच्या छातीच्या कातडीखाली छोटा मॉनिटर बसवला तर वर्षभरात १२.४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची अनियमितता) सापडलं, नेहमीच्या तपासणीत २ टक्के. बाबांच्या मानेत प्लाक सापडलंय त्यामुळे कारण तेच असू शकतं, पण होल्टर झालंय का एवढं पुढच्या व्हिजिटला विचारा. एवढं विचारणं पाच मिनिटांत होतं.

परत झालं तर घरी काही देऊ नका. रोजच्या गोळ्या चालू आहेतच, आणि ह्या वेळी गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गिळताना त्रास असेल तर पाणी पण नको. लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ कागदावर लिहा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कराडमध्येच जिथे सीटी आणि ते इंजेक्शन चोवीस तास मिळतं ते ठिकाण आजच फोन करून शोधून ठेवा, नाहीतर सांगलीचा रस्ता धरण्यात तासभर जाईल.