तिसरीतला मुलगा तोंडी हुशार, लिहिताना अडतो. काय करावं?

प्रश्न : चोपड्याची मॅडम

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातल्या एका मुलाचे वडील केळीच्या बागेत कामाला जातात. अठरा किलोचे पाच घड म्हटलं की पोरगा पटकन नव्वद सांगतो. तेच उदाहरण वाचून सोडव म्हटलं की गप्प. 'घर'चं 'धर' लिहितो, 'भाकर'चं 'मकर'.

दोन वर्षं मी समजत होते, घरी अहिराणी बोलतात म्हणून मराठी अवघड जातंय. परवा त्याला अहिराणीतच लिहून दिलं, 'मना बाप वावरमा शे,' म्हणजे माझा बाप शेतात आहे. हे तो दिवसभर बोलतो. तरी 'वावर'चं 'बाबर' वाचलं, 'शे'पाशी थांबला आणि बोटाने ओळ पुसायला लागला. मला रात्री झोप लागली नाही. डी.एड.ला अध्ययन अक्षमतेवर, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांवर, एक धडा होता, तो परीक्षेपुरता वाचला होता. आता कुठून सुरुवात करू?

विशेष शिक्षक, धुळे

मॅडम, अहिराणीतून वाचून घेतलंत हे फार चांगलं केलंत. आपल्याकडे भाषेच्या नावाखाली अशी कितीतरी मुलं सुटतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच प्राथमिक चाळणी करायची असते. निदान मात्र आपण करायचं नाही. बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी, असा क्रम असतो. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. तपासणीला जाताना त्याच्या जुन्या वह्या न्या, आणि घरची भाषा अहिराणी आहे हे तिथे आवर्जून सांगा.

पारोळ्याची आई

माझ्या मुलीला चुकलेला शब्द पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावायचे. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, आणि मी तिलाच रागवायचे. सहावीत निदान झालं. दहावीला जादा वेळ मिळाला, पास झाली. मॅडम, त्याच्या घरच्यांना भेटाल तेव्हा आधी त्याच्या हिशेबाचं कौतुक करा. 'अक्षमता' ऐकलं की आमच्यासारख्यांना पोराच्या डोक्यातच बिघाड आहे असं वाटतं आणि पुढचं काही कानात जात नाही.

चोपड्याची मॅडम

ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आधी घडांचा हिशेब सांगितला, मग वही उघडली. वडील बराच वेळ 'मकर'कडे बघत राहिले. म्हणाले, "मनंबी असंच व्हतं मॅडम. चौथीमा शाया सोडी दिन्ही."

सोमवारी आम्ही तिघं गट साधन केंद्रात जातोय. तोपर्यंत त्याला वर्गासमोर उभं करून वाचायला लावणं मी बंद केलंय, आणि गणितं तोंडी घेतेय.